काळी बाटली कुणाच्या दारात?

(भंडारदरा परिसरातल्या महिला गटांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे लेखी रूप.)

आज इथे येताना तुम्ही सगळ्यांनी धरण पाहिलं असेल. कुणी शेंडीवरून आलात, कुणी घाटघर-रतनवाडीकडून काठाकाठानं आलात. या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं. जवळजवळ अकरा टीएमसी पाणी त्यात मावतं. ते प्रवरेतून खाली जातं, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारात पोचतं. त्यावर ऊस पिकतो, साखर कारखाने चालतात. आणि याच धरणाच्या डोक्यावर, डोंगराच्या अंगाला असलेल्या आपल्या वाड्यांमध्ये एप्रिल लागला की बाया रात्रीच्या झिऱ्याकाठी बसून राहतात. वाटीवाटीनं पाणी हंड्यात भरतात.

हे तुम्हांला मी सांगायला नको. तुमच्यापैकी निम्म्याजणी आज पहाटे तेच काम आटोपून इथे आल्या आहेत. घाटघरला वर्तमानपत्रं नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण पावसात फरक पडलेला नाही. काही वर्षी तिथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी उन्हाळ्यात पाणी नाही, कारण खाली काळा कातळ आहे आणि उतार तीव्र आहे. मुरायला जागा थोडी. पडलेलं पाणी ओढ्यांनी धरणात जातं आणि धरणातून खाली.

पाण्यासाठी भांडणं आपल्या चळवळीला नवीन नाही. मुंबईत मृणालताई गोरे पाण्यासाठी इतक्या लढल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. हंडा मोर्चा तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यानं पाहिला आहे. त्या मोर्च्यांत आपण विचारत होतो : पाणी कधी देता? किती देता? तो प्रश्न अजून संपलेला नाही. पण आज मला त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायचा आहे. कसलं पाणी देता? आणि ते कसलं आहे हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

हा प्रश्न मला एका शाळेतल्या मुलींनी शिकवला. त्याचीच हकीकत सांगते. वाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. ‘त्या वाडीचं पाणी वाईट’ असा शिक्का बसला की सोयरीक जुळवतानासुद्धा तो आड येतो, हे आपल्याला माहीत आहे.

त्या शाळेत मी गेले होते ते वेगळ्याच कामासाठी. जून-जुलैमध्ये आठवी-नववीच्या मुलींची हजेरी का घसरते हे मला पाहायचं होतं. मला वाटलं होतं, आवणीचे दिवस, मुली शेतात जात असतील. काही जात होत्याही. पण बऱ्याचजणी घरी होत्या कारण धाकट्या भावंडाला हगवण लागली होती, आई आवणीला गेली होती आणि आजारी पोरापाशी थांबायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे पाणी बिघडलं की पोट बिघडतं भावाचं आणि शाळा बुडते बहिणीची. हा हिशेब कुठल्याही हजेरीपटावर लिहिलेला नसतो.

वर्गात यावर बोलणं निघालं तेव्हा एक मुलगी म्हणाली, “ताई, पाणी तर काचेवाणी दिसतं. मग पोट का बिघडतं?” मी उत्तर देणार होते. मग वाटलं, हिनं प्रश्न विचारलाच आहे तर उत्तरही हिलाच शोधू द्यावं.

मुलांनी गावाचा प्रश्न घेऊन स्वतः तपास करायचा, ही काही माझी कल्पना नव्हे. १९८७ मध्ये भारत जन विज्ञान जत्था देशभर फिरला. १९९३ पासून राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद भरते आहे. तिच्यात १० ते १७ वर्षांची मुलं आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन प्रकल्प करतात. वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणं हे तर १९७६ पासून आपल्या संविधानात नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. फक्त ते कर्तव्य बजावायची संधी वाडीवरच्या मुलीला कुणी देत नाही, एवढंच.

आम्ही आधी नकाशा केला. शाळेच्या अंगणात राखेनं आणि खडूनं वाडी काढली. झिरे कुठे, विहीर कुठे, हापसा कुठे, टाकी कुठे. कुठल्या महिन्यात कुठलं पाणी भरतात. कोण भरतं. मुलांचा एक गट होता, त्यांनी ‘घरचे भरतात’ असं लिहिलं. मुलींनी ते पुसून ‘आई, मी, वहिनी’ असं लिहिलं. तिथेच थोडी वादावादी झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

मग बाटल्या आणल्या. ही तपासणी फार साधी आहे आणि ती आपल्याच देशात तयार झाली, म्हणून थोडं सविस्तर सांगते. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली. छोट्या निर्जंतुक बाटलीत एक कागदाची पट्टी असते, तिच्यावर जंतूंचं खाद्य आणि लोहाचा क्षार असतो. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. माणसाच्या किंवा जनावराच्या आतड्यातून आलेले जंतू पाण्यात असतील तर त्यांच्यासोबतचे काही जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. कुजक्या अंड्याचा वास येतो तोच हा वायू. लोहाशी त्याचा संयोग झाला की पाणी काळं पडतं. बाटली काळी म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याचा दाट संशय.

संशय म्हणते, कारण या बाटलीलाही मर्यादा आहेत. विष्ठेशी संबंध नसलेल्या काही जंतूंनीही ती काळी पडू शकते. किती जंतू आहेत हे ती सांगत नाही. फ्लोराइड, नायट्रेट, कीटकनाशक तिला कळत नाही. थंडीत ती उशिरा काळी पडते, म्हणून पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आमच्या मुली बाटल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या मागच्या भिंतीशी ठेवायच्या. आणि एक खबरदारी सगळ्यांनी लक्षात ठेवा : काळ्या पडलेल्या बाटलीत जंतू वाढवलेले असतात. ती मुलांच्या हाती खेळायला द्यायची नाही. मोठ्या माणसानं तिच्यात ब्लीचिंग पावडरचं दाट पाणी ओतून, तसंच काही वेळ ठेवून, मग टाकायचं. हात साबणानं धुवायचे.

पहिल्या फेरीत मुलींनी काही घरांतल्या हंड्यांतलं पाणी तपासलं. दोन दिवसांनी वर्गात बाटल्या ओळीनं मांडल्या तेव्हा कुणी बोलेना. बऱ्याच काळ्या पडल्या होत्या. पाणी काचेवाणी होतं आणि बाटली शाईवाणी.

आता मी माझ्या चुकीकडे येते. उत्साहाच्या भरात आम्ही एक तक्ता केला. घरमालकाचं नाव आणि त्यापुढे काळा किंवा पांढरा गोल. तो शाळेच्या भिंतीवर लावला. मला वाटलं, लोक पाहतील, विचार करतील. लोकांनी पाहिलं. विचार काय केला? एका घरी सासूनं सुनेला दारात उभं करून विचारलं, “पोराला तूच आजारी पाडलंस ना? हंडा घासायला काय धाड भरली होती?” त्या रात्री नवऱ्यानं तिच्यावर हात उगारला. तिची नणंद आमच्या गटात होती, ती दुसऱ्या दिवसापासून शाळेत यायची बंद झाली.

ही चूक मुलींची नव्हती. माझी होती. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात मी ‘लोकसहभाग’ या विषयाची पानंच्या पानं लिहिली होती. पण ज्या घरात पाण्याची जबाबदारी फक्त बाईची असते, त्या घरात पाण्याचा दोषही फक्त बाईच्याच पदरात पडणार, हे साधं गणित मला तिथे कुणी शिकवलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

तक्ता काढला. मी त्या घरी गेले. सून ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी माफी मागितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ताई, पाणी मी आणते. पण पाणी मी केलेलं नाही.”

मैत्रिणींनो, आज मला जे सांगायचं आहे ते सगळं तिच्या या दोन वाक्यांत आहे.

दुसरी फेरी आम्ही तिच्या सांगण्यावरून केली. ती म्हणाली, हंडा कशाला तपासता, वरून सुरुवात करा. तीच मुलींना घेऊन झिऱ्याच्या वर गेली. कुठे गुरं पाण्यात उतरतात ते तिनं दाखवलं. पहिल्या पावसात कुठल्या चढावरची घाण धुऊन खाली येते तेही दाखवलं. मे-जूनमध्ये काजवे पाहायला पर्यटक येतात तेव्हा माळावर तंबू लागतात. त्यांच्या तात्पुरत्या संडासांचा खड्डा कुठे असतो हेही तिला ठाऊक होतं. आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. तंबूंचा विषय नाजूक आहे. आपल्याच घरांतल्या पोरांची त्यावर रोजी आहे. पण पर्यटक बाटलीबंद पाणी पितो आणि त्याच्या खड्ड्याखालचं पाणी आपली पोरं पितात, हे बोलल्याशिवाय राहता येत नाही.

या वेळी आम्ही साखळी तपासली. आधी झिरा, मग टाकी, मग नळ, शेवटी हंडा. झिऱ्याची बाटली काळी. टाकीची काळी. नळाची काळी. मग हंड्याची कशी पांढरी राहणार? हंडा राखेनं घासला काय आणि चिंचेनं लख्ख केला काय, आत येणारं पाणीच तसं होतं. दोन घरांत उलटंही दिसलं. नळाची बाटली ठीक आणि हंड्याची काळी. तिथे हात बुडवून पाणी काढायची सवय होती. तिथे लांब दांड्याचं ओगराळं आणि झाकण एवढ्यावर भागलं. म्हणजे घरातल्या सवयीचा भाग असतोच, मी तो नाकारत नाही. पण तो कुठे आहे आणि कुठे नाही, हे साखळी तपासल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम मुलींनी केला. तो त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

हे सगळं झाल्यावर मी त्यांना एक जुनी गोष्ट सांगितली. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट नावाच्या वस्तीत पटकी पसरली. शेकडो माणसं मेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी घरोघर विचारून कोण कुठलं पाणी पितं याचा हिशेब मांडला आणि एका पंपाकडे बोट दाखवलं. पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुढचा भाग सहसा नसतो. त्या वस्तीतल्या हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानं नंतर शोधून काढलं की पंपाशेजारच्या घरातलं एक तान्हं बाळ आधी आजारी पडलं होतं. त्याच्या आईनं दुपटी धुतलेलं पाणी घराखालच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं. खड्डा खणून पाहिला तेव्हा त्याच्या विटा खिळखिळ्या झालेल्या दिसल्या आणि विहीर तिथून तीन फुटांवरही नव्हती. आता सांगा, आजारी बाळाची दुपटी धुणारी आई दोषी की विहिरीशेजारी फुटका खड्डा ठेवणारी व्यवस्था? हा प्रश्न मी विचारला तेव्हा सासरी मार खाल्लेल्या त्या सुनेची नणंद वर्गात होती. ती परत आली होती. तिनं हात वर केला नाही, नुसती म्हणाली, “खड्डा.”

आता ‘पाणी उकळून प्या’ या सल्ल्याविषयी. साथ आली की भिंतीवर, रेडिओवर, मोबाइलवर हाच सल्ला. तो चुकीचा नाही. चांगली उकळी आली की जंतू मरतात. पण हा सल्ला कुणाला दिलेला असतो? जी बाई आधीच दोन हंडे डोक्यावर आणते, तिनं आता आणखी सरपण आणायचं, आणखी धूर गिळायचा, आणखी वेळ काढायचा. पावसाळ्यात सरपण ओलं. स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवण्याचा उपाय आहे, तोही चांगला आहे, पण इथे जुलैत ऊन कुठून आणायचं? आजारी पोरासाठी, तान्ह्या बाळासाठी पाणी जरूर उकळा. पण गावाचं पाणी शुद्ध करणं हे गावाचं काम आहे. ते एकेका चुलीवर वाटून टाकून मोकळं होता येणार नाही.

गावाचं काम म्हणजे काय, तेही मुलींनी तपासलं. टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. ती टाकून अर्धा तास गेला पाहिजे. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. आरोग्य कर्मचाऱ्यांकडे त्यासाठी ओ. टी. चाचणी असते, थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. आमच्या शेवटच्या नळाचं पाणी पिवळं झालंच नाही. पावडरची गोणी उघडी, दमट खोलीत पडलेली होती. उघड्या पावडरमधलं क्लोरीन उडून जातं, मग कितीही टाका. पाणी सोडणारा माणूस वाईट नव्हता. तुटपुंज्या मानधनावर तो तीन कामं करत होता आणि पावडर किती टाकायची हे त्याला कुणी मोजून दाखवलं नव्हतं. सुनेला सोडून आता त्याला धरायचं, असं आम्हांला करायचं नव्हतं. म्हणून मुलींनी प्रश्न असा लिहिला : पावडर कोण विकत घेतं? कुठे ठेवतं? टाकल्याची नोंद कुठे होते? ती नोंद कुणाला पाहता येते?

आणि मग काळी बाटली ग्रामसभेत गेली.

आधी महिला सभा घेतली. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती बहुतेक ठिकाणी कागदावर होते, हे आपल्याला माहीत आहे. इथे ती खरोखर झाली. बायांनी ठराव केला. ग्रामसभेत मुलींनी झिरा, टाकी, नळ, हंडा अशा चार बाटल्या टेबलावर ओळीनं ठेवल्या. एक वडीलधारे म्हणाले, “पोरांच्या खेळावर गावाचा पैसा खर्च करायचा का?” तेव्हा आमची एक नववीतली मुलगी म्हणाली, “काका, खेळ वाटत असेल तर तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवू. आम्ही चुकलो तर सांगू, चुकलो.” मला वाटतं, विज्ञान म्हणजे काय हे याहून नीट मला सांगता आलं नसतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात विष्ठेतला ई-कोलाय जंतू अजिबात सापडता कामा नये. नमुना गेला. अहवाल आला. मुली चुकल्या नव्हत्या.

त्यानंतर काय झालं? सगळं पालटलं असं मी सांगणार नाही. झिऱ्याला कठडा झाला, गुरांसाठी खाली वेगळी डोणी झाली. पावडर झाकणाच्या डब्यात आली. टाकल्याची तारीख पंचायतीच्या फळ्यावर लिहिली जाऊ लागली. ती कधी लिहिली जाते, कधी राहते. राहिली की मुली विचारतात. तंबूंचे खड्डे पाण्याच्या वर नकोत असा ठराव झाला, पण तो दर मोसमात नव्यानं भांडून पाळून घ्यावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पाणीच नसतं, तो प्रश्न तर आहे तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. नमुने घ्यायच्या एका सकाळी एक मुलगी मागे मागे राहायला लागली. जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, “ताई, मला अडचण आहे. मी पाण्याला शिवू का?” मी तिला म्हटलं, हात साबणानं धू आणि तूच भर. तिनं वरच्या, राखलेल्या झऱ्याची बाटली भरली. दोन दिवसांनी ती काळी झाली नाही. एका बाटलीनं काही सिद्ध होत नाही, हे मी मुलींनाच शिकवलं होतं. पण ती बाटली त्या मुलीनं कितीतरी दिवस दप्तरात ठेवली होती.

पाण्याची ‘शुद्धी’ हा आपल्याकडे फार जुना आणि फार दुखरा शब्द आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून त्याची ‘शुद्धी’ केली. शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतायचं आणि त्याला शुद्ध म्हणायचं! आमच्या साध्या बाटलीत ते पाणी भरलं असतं तर काय रंग आला असता, हे तुम्ही ओळखा. बाटलीला जात कळत नाही, पाळी कळत नाही. पाण्यात काय आहे एवढंच तिला कळतं. म्हणून पाणी तपासणं हे नुसतं आरोग्याचं काम नाही, आपल्या मुक्तीचंही काम आहे.

आता शेवटी थोडं सावधगिरीचं. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं द्यायचं, असं त्यात म्हटलं. प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासायला शिकवायचं असंही ठरलं. पाच बायाच का? कारण पाणी बाया भरतात. हे ऐकायला बरं वाटतं. पण मला भीती वाटते ती अशी की पाणी भरायचं बायांनी, तपासायचं बायांनी, नोंदवायचं बायांनी, उकळायचं बायांनी आणि पाइप कुठून न्यायचा, पैसा कुठे खर्चायचा हे मात्र ठरवायचं दुसऱ्यांनी. तपासणी हे काम आहे. त्याचा मोबदला मागा. आणि तपासणाऱ्या बाईला पाणीपुरवठा समितीत नुसतं नाव नको, बोलायची जागा हवी.

हेच मुलींबद्दल. प्रकल्पाला बक्षीस मिळालं, फोटो छापून आला आणि झिरा तसाच राहिला, तर आपण मुलींचे कष्ट फुकट वापरले असं मी म्हणेन. मुलग्यांनाही यात घ्या. आमच्या गटातल्या मुलग्यांना नियमच होता : ज्या पाण्याचा नमुना घ्याल त्याचा एक हंडा घरी न्यायचा. चढावर दोनदा थांबल्यावर नोंदवहीत ‘घरचे भरतात’ असं कुणी लिहीत नाही.

तुमच्या गटांनी हे काम हाती घेतलं तर एवढं सांभाळा. घरांची नावं लावू नका, पाण्याच्या जागांची नावं लावा. हंड्यापासून नव्हे, उगमापासून सुरुवात करा. पहिल्या पावसाच्या आधी एकदा, लगेच नंतर एकदा तपासा, कारण सगळ्यात जास्त घाण तेव्हाच वाहून येते. बाटली काळी आली की प्रयोगशाळेत नमुना पाठवायची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. वही गावातच ठेवा, ती कुणा संस्थेच्या कपाटात जाऊ देऊ नका, माझ्यासुद्धा. आणि तोवर पोराला जुलाब लागले तर जलसंजीवनी आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे मागा, अंगावर पाजणं थांबवू नका. अकोले तालुक्यातल्या आपल्या आदिवासी गावांना पेसा कायदा लागू आहे. वाडीला स्वतःची ग्रामसभा मागता येते. ती मागा.

कुणी म्हणेल, शहरात हा प्रश्न नसतो. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली तेव्हा तिथेही बोट पाण्याकडेच गेलं. तिथल्या शिकल्यासवरल्या घरांत हंडे घासलेले नव्हते असं कुणी म्हटलं नाही. टाकी, विहीर, पाइप यांच्याकडे पाहिलं गेलं. आपण तेवढंच मागतो आहोत. वाडीवरच्या बाईच्या बाबतीतही आधी पाइपाकडे पाहा.

ती सून आता आमच्याबरोबर शेजारच्या वाड्यांवर येते. झिऱ्याच्या वर चढून कुठे पाहायचं हे तीच नव्या मुलींना शिकवते. परवा एका वाडीत कुणीतरी विचारलं, ही काळी बाटली आता कुणाच्या दारात ठेवायची? ती म्हणाली, “पंचायतीच्या.”

एवढंच सांगून थांबते. आता तुम्ही बोला. तुमच्या पाण्याचा नकाशा काढायला खडू आणले आहेत, अंगणात बसू.